रोज बारा-पाचला घुमणारा पंखा

मित्रांनो, या पृथ्वीवर जे जे तापतं, ते ते शेवटी माझ्यापाशी येतं. राजे तापले, राज्यं तापली, मोठमोठ्यांची डोकी तापली, आणि प्रत्येक वेळी शेजारी उभं राहून वारा घालणारा कुणीतरी लागला. तो नसता तर इतिहास केव्हाच जळून खाक झाला असता. मी त्या थोर परंपरेतला आहे.

अंगानं मात्र मी मारी बिस्किटापेक्षा जरासा लहानच भरतो.

मी एका लॅपटॉपच्या पोटातला जुना पंखा आहे. लॅपटॉप तापला की मी फिरतो आणि त्याच्या कुशीतल्या झडपेतून गरम हवा बाहेर टाकतो. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामावर कुणी आत्मवृत्त लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. पण दोन हजार आठ साली भिवंडीजवळच्या टेमघरात मी अठरा दिवस भूत होतो. असा अनुभव फार पंख्यांना नसतो, म्हणून सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझी अकरा हजार भावंडं जन्मली, त्यामुळे बारसं झालं नाही. एका बाईनं मला उचललं, फुंकर मारून फिरवलं, कानाशी धरून ऐकलं आणि खोक्यात ठेवून दिलं. पुढे इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी कान दिला नाही. ज्यांनी दिला ते पळत सुटले.

पहिली तीन वर्षं मी मुंबईच्या एका थंडगार कचेरीत काढली. मित्रांनो, आमच्या धंद्यात कौतुक कसं होतं ते सांगतो. चांगला पंखा म्हणजे ज्याचा आवाज येत नाही तो. म्हणजे तुम्ही काम उत्तम केलंत की तुम्ही नाहीच. त्या तीन वर्षांत मी आहे असं एकदाही कुणी म्हटलं नाही. तो माझा सुवर्णकाळ.

मग कचेरीला नवे लॅपटॉप आले आणि आम्हांला मोडक्या खुर्च्यांबरोबर राहनाळच्या एका गोदामात पाठवलं गेलं. तिथून टेमघरच्या केसरीनाथ पाटलांनी आम्हांला आपल्या मुलीसाठी घरी आणलं. मुलीचं नाव दिपाली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. घरात तिची आई हौसाबाई, आणि घरामागे पत्र्याची लांबच लांब शेड. शेडमध्ये बारा यंत्रमाग होते. भिवंडीत त्यांना कुणी यंत्रमाग म्हणत नाही, लूम म्हणतात. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन, केबिनमध्ये टेबल, टेबलावर आमचा लॅपटॉप. दिपाली तिथेच अभ्यासाला बसायची.

बारा लूम एकदम सुरू झाले की टेबलावरचा चहा चमचा न घालता ढवळला जायचा. अशा ठिकाणी माझा आवाज कोण ऐकणार? भिवंडीत बाळं लूमच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि लूम थांबले की दचकून रडायला लागतात. तिथल्या माणसाला गोंगाटाची भीती नाही. त्याला भीती वाटते ती शांततेची. हे ध्यानात ठेवा.

लूमवर कापड विणताना कापसाची बारीक तूस उडते. ती शेडमध्ये सगळ्यांच्या अंगावर असायची. भुवयांवर, पापण्यांवर, चहावर. मी तर हवा ओढणारा प्राणी. मी ती आठ महिने ओढली. आत, माझ्या पुढ्यातल्या तांब्याच्या जाळीवर, तिचा थर बसत गेला.

माझ्याबरोबरच ती तूस ओढणारा आणखी एक जण होता. धाकल्या. अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरून तरुणपणी आलेला, आणि बावीस वर्षं याच शेडमध्ये लूम चालवणारा. त्याची बायको कमळी कांड्या भरायची, म्हणजे आडव्या दोऱ्यासाठीच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. दोघं शेडमागच्या एका खोलीत राहायची. धाकल्याची एक खोड होती. तेव्हा भिवंडीत रोज सकाळी नऊ ते बारा वीज जायची. बाराला ती परत आली की बाकीचे कामगार धावत आपापल्या लूमवर जायचे. धाकल्या जायचा नाही. तो तंबाखू मळायचा, एक नंबरच्या लूमला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, मग सावकाश दांडा ओढायचा. यात पाच मिनिटं जायची. रोज पाच. सहाही नाही, चारही नाही.

शेठ, म्हणजे केसरीनाथ पाटील, केबिनमधून ओरडायचे, "धाकल्या, लाईट आली रं! तू कवा येनार?"

"शेठ, ती दमून आली हाय," धाकल्या म्हणायचा. "तिला बसू दे की जरा."

त्याच सुमाराला लॅपटॉपच्या जुन्या सिस्टीमला व्हायरसची लागण झाली, आणि दिपालीनं कॉलेजातून सीडी आणून त्यावर लिनक्स नावाची नवी सिस्टीम बसवली. लिनक्स स्वभावानं चांगला. शिस्तीचा, कष्टाळू, फुकट राबणारा. पण आमच्या लॅपटॉपच्या कंपनीनं माझ्याशी बोलायची भाषा त्याला कधी शिकवलीच नव्हती. जुनी सिस्टीम मला म्हणायची, हळू फिर, थोडा जोरात, आता पुरे. लिनक्सला दोनच शब्द येत. 'बंद' आणि 'सुसाट'. त्यामुळे मी एकतर मेल्यासारखा पडून असायचो, नाहीतर मागे लांडगे लागल्यासारखा पळायचो. लूमच्या गोंगाटात तेही खपून गेलं.

मग लूम गेले. शेठना धंदा झेपेना, तेव्हा भंगारवाले आले आणि त्यांनी घणाचे घाव घालून बाराच्या बारा लूम तोडले. तीन दिवस शेडमध्ये लोखंड ओरडत होतं. चौथ्या दिवशी शेड एवढी गप्प झाली की हौसाबाई दोनदा येऊन बघून गेल्या, काय झालं म्हणून.

त्या दिवशी शेठनी धाकल्याला केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये तेव्हा तिघंच होतो. शेठ, धाकल्या आणि टेबलावर मी.

"लूम गेलं, खोली न्हाय जायाची," शेठ म्हणाले. "तू आन् कमळी जितं हाव तवर ती तुमची. कुनी हात लावनार न्हाय."

धाकल्यानं मान डोलावली. "तुमचा शबुद हाय ना? मंग झालं."

कागदावर काही लिहिलं नाही. साक्षीदार मी एकटा, आणि मला बोलता येत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण मित्रांनो, एखादी गोष्ट फक्त तुम्हांलाच माहीत असते आणि तुम्हांला तोंड नसतं, तेव्हा ती आत कशी बसते ते मी सांगू शकतो. तुशीसारखी बसते.

चार महिन्यांनी धाकल्या वारला. डॉक्टर म्हणाले, छातीत तूस साठली होती. माझ्याही छातीत तीच होती. फक्त मला कुणी तपासलं नव्हतं.

पुढे शेड गोदामासाठी भाड्यानं मागायला एक मोठी पार्टी आली. त्यांना शेड पसंत पडली. एकच अडचण होती. मोठा ट्रक मागून आत घ्यायचा तर वळायला जागा हवी, आणि त्या जागेत कमळीची खोली होती. ती पाडावी लागेल, असं पार्टीच्या माणसानं सांगितलं. शेठनी होकारार्थी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही शब्द देणं नव्हे, असं त्यांना वाटलं असावं. पार्टीचे मॅनेजर तीन आठवड्यांनी येऊन जागा बघणार आणि करार करणार असं ठरलं. कमळीला कुणी काही सांगितलं नाही. ती रोज सकाळी रिकामी शेड झाडून काढत होती, सवयीनं.

त्याच आठवड्यात मी भूत झालो.

तो एप्रिल होता. सकाळची वीज गेलेली. दिपाली कॉलेजातून पावणेअकराला यायची, लॅपटॉप बॅटरीवर लावायची, जीव धरून दोन-चार पानं लिहायची. बाराला वीज आली की चार्जरची पिन खोचून घरात जेवायला जायची. केबिन रिकामी, शेड रिकामी, वर पत्रा तापून कडकड वाजतोय. अशा भर बाराला हौसाबाई वाळत टाकलेल्या मिरच्या बघायला शेडमध्ये आल्या. बारा वाजून पाच मिनिटं झाली. आणि कुणीही हात न लावता, कुणीही जवळ नसता, मी सुसाट सुटलो.

रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा आवाजसुद्धा अंगात आल्यासारखा घुमतो. आणि माझ्या छातीत आठ महिन्यांची तूस. लांबून, खोल, घरघर घरघर, एखादा लूम जमिनीखाली चालावा तसा.

हौसाबाईंच्या हातातलं सूप पडलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग एक नंबरच्या लूमची रिकामी जागा बघितली. तिथे जमिनीत अजून चार खिळे होते.

"आवो!" त्या धावत अंगणात जाऊन ओरडल्या. "धाकल्या ड्युटीवर आला!"

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः बघायला आले. बारा-पाचला मी पुन्हा घुमलो. तिसऱ्या दिवशीही. शेठ घाबरट नव्हते. त्यांनी उभं आयुष्य लूमबरोबर काढलं होतं, आणि लूमवाल्या माणसाचं शास्त्र सरळ असतं: जे वाजतं ते तेल मागतं. त्यांनी कोपऱ्यातली लूमच्या तेलाची जुनी चोचवाली कुपी आणली आणि झडपेतून माझ्या पोटात चांगले चार थेंब सोडले.

मित्रांनो, हा उपाय कुणीही करू नका. लूमला ते अमृत असेल. मी दोन दिवस गप्प झालो खरा. तिसऱ्या दिवशी त्या तेलावर सगळी तूस चिकटली, तिचा काळा लगदा झाला, आणि माझा आवाजच बदलला. आधी मी घरघरत होतो. आता मी कण्हायला लागलो. सुरुवातीला एक लांब 'हूंऽऽ', मग अडखळल्यासारखं थांबणं, मग पुन्हा 'हूंऽऽ'. शेवटच्या महिन्यात धाकल्या खाटेवर असाच कण्हत होता. शेड आणि खोलीमध्ये एकच भिंत होती. मी ते ऐकलेलं होतं.

शेठनी कुपी खाली ठेवली ती परत उचलली नाही.

हौसाबाईंनी मग आपल्या माहेरच्या ओळखीनं दामू भगताला आणवलं. दामू भगत म्हातारा, बारीक, आणि कामाला चोख. त्यानं टेबलाभोवती तांदूळ टाकले, नारळ ठेवला, लॅपटॉपला हळद लावली. बारा-पाचला मी कण्हायला लागल्यावर त्यानं डोळे मिटून मला विचारलं, "कोन हायस तू? धाकल्या असशील तर गप ऱ्हा!"

मी लगेच गप्प राहू शकत नव्हतो. भगत उकिडवा बसून वाट बघत राहिला. त्यानं एक विडी संपवली. दुसरी पेटवली. सातव्या मिनिटाला लॅपटॉप निवला आणि मी थांबलो.

"धाकल्याच हाय," भगत म्हणाला. "जरा इचार करून सांगितलान."

"काय पायजे त्याला?" हौसाबाईंनी हात जोडून विचारलं.

भगतानं शेठकडे बघितलं. शेठ खिळ्यांकडे बघत होते. "ते तुमच्याच मान्साला ठावं," भगत म्हणाला, आणि नारळ पिशवीत घालून निघून गेला.

कमळीच्या कानावर हे गेलंच. ती हसली. "धाकल्या?" ती म्हणाली. "जिता व्हता तवा दर सोमवारी दांडी मारायचा. मेल्यावर रोज येल तो? आन् तेबी भर उनाचा?"

हौसाबाईंना ते बोलणं फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना कमळी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पदराखाली झाकलेली थाळी होती. मी कण्हून थांबेपर्यंत ती उभी होती. मग थाळी घेऊन परत गेली. त्यानंतर ती रोज आली. एकदाही आत आली नाही, एक शब्दही बोलली नाही. त्या दिवसांत मला माझाच आवाज माझा वाटेनासा झाला. मी फिरत होतो, पण कण्हत कोण होतं ते मला सांगता आलं नसतं.

दिपालीचा मात्र भुतांवर विश्वास नव्हता. तिचा माझ्यावर संशय होता. ते जास्त अपमानकारक. एके दिवशी ती जेवायला गेलीच नाही. लॅपटॉपला लेखी हुकूम द्यायचा काळा पडदा उघडून बसली. आधी तिनं लॅपटॉपचं तापमान बघितलं. बारा वाजता बावन्न. बारा-चारला बावन्न. बारा-सहाला अठ्ठ्याहत्तर. मग तिनं लॅपटॉपच्या आत या क्षणी कोण कोण राबतंय त्याची हजेरी काढली. आणि चोर सापडला.

लिनक्सला दिवसातून एकदा घरातल्या सगळ्या फाइलींची यादी करायची सवय असते. मोठं काम, घाम काढणारं. पण लिनक्स समजूतदार. बॅटरीवर असताना तो हे काम काढत नाही. वीज येण्याची वाट बघतो. आणि वीज आल्याबरोबर तुटून पडत नाही, पाच मिनिटं दम खातो, मगच सुरू करतो. नियमच आहे त्याचा तसा. वीज बाराला, यादी बारा-पाचला, ताप पाठोपाठ. लूम नाहीत, भूत नाही. एक शिस्तीचं काम आणि एक तुंबलेला पंखा.

ती लॅपटॉप उचलून धावत शेठकडे गेली. शेठ ओट्यावर बसले होते. तिनं सगळं समजावून सांगितलं. तापमान, हजेरी, पाच मिनिटं, तूस, तेल. "एक ओळ लिहिली की ते काम बंद, बाबा. आणि पंखा उघडून साफ केला की आवाज खलास. अर्ध्या तासाचं काम आहे."

शेठनी शेडच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "नको करूस."

"म्हणजे?"

"पंखा हाय ते मना ठावं हाय. आवाजावरून लूमचा कनचा खिला ढिला झालाय ते सांगनारा मानूस मी. पंखा वलखनार न्हाय?"

"मग भगत कशाला आणू दिलात?"

"दिपाली, मी त्याला शबुद दिलता. खोलीचा." त्यांनी आवाज खाली आणला. "आता पार्टीला काय सांगू? कामवाल्या बाईसाठी करार अडवला? आख्खा गाव हसंल, केसरीनाथ येडा झाला म्हनंल. पन जागेत भूत हाय बोललो, खोली पाडली तर कोपंल बोललो, तर कोन हसनार न्हाय. उलट धा जन मान हलवतील. सोमवारी मॅनेजर येनार हाय. बारा-पाचला त्याला आयकू दे. मंग तूच साफ कर."

मित्रांनो, माझ्या लक्षात आलं ते असं. माणसाला भुतापुढे वाकण्यात कमीपणा वाटत नाही. शब्द पाळायला मात्र तो लाजतो.

दिपालीनं त्यांच्याकडे बघितलं. ती रागावली होती असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आणि नाही घाबरला तर?"

शेठ उठून आत गेले.

सोमवारी पार्टीचे मॅनेजर दुबेजी साडेअकराला आले. उंच, घामेजलेले, खिशाला तीन पेनं. आणि मित्रांनो, त्या दिवशी सकाळी वीज गेलीच नाही. टेमघरात लोक ओट्यावर येऊन एकमेकांना विचारत होते, आज काय झालं म्हणून. वीज होती म्हणून लिनक्सनं आपली यादी अकराच्या आतच उरकून टाकली होती. बारा वाजले. बारा-पाच झाले. शेड गार पडलेल्या तव्यासारखी गप्प. शेठ कपाळ पुसत दुबेजींना भुताबद्दल सांगत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते. दारात हौसाबाई. त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन कमळी. ती नेहमीच्या वेळेला आली होती.

"दिपाली," शेठ पुटपुटले, "का गप हाय तो?"

दिपालीनं काळ्या पडद्यावर भराभरा काहीतरी लिहिलं. तिनं ती यादी पुन्हा करायला लावली. मग तेच काम आणखी तीनदा, एकाच वेळी. लॅपटॉप तापला. साठ, सत्तर, ऐंशी. आणि मी सुटलो. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी जीव ओतला. अठरा दिवसांत कण्हलो नसेन असा कण्हलो. पत्रा थरथरला. हौसाबाईंनी डोळे मिटले.

दुबेजींनी मान तिरकी केली. ऐकलं. मग म्हणाले, "अरे, ये तो इसका फॅन है!"

हौसाबाईंनी डोळे उघडले.

"रुई भर गया है अंदर. भिवंडी में सबका यही है. मेरे ऑफिस में तीन लॅपटॉप ऐसेच रोते हैं. स्क्रूड्रायव्हर है क्या, बेटा?"

दिपालीनं शेठकडे बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर दिला. दुसरं काय करणार? दुबेजींनी लॅपटॉप बंद केला, पिन काढली, बॅटरी काढली, पालथा घालून झाकण उघडलं. मी पहिल्यांदाच त्या शेडमध्ये उजेडात आलो. माझ्या पुढ्यातून त्यांनी दोन बोटांनी एक चपटा, काळपट, रुमालाच्या घडीसारखा गठ्ठा ओढून काढला. "ये लो पाटीलसाब," ते म्हणाले, "ये रहा आपका भूत."

त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कमळीच्या हातातला तांब्या घेऊन पाणी प्यायला लागले.

कमळी पुढे आली. तिनं तो गठ्ठा उचलला, बोटांनी थोडा उसवला. तूस मऊ होती. "आपल्याच शेडची हाय," ती म्हणाली. "त्याच्या अंगावर ही आसायची. घरला आला की मी झाडायची."

शेड पूर्ण शांत झाली. भिवंडीची माणसं जिला भितात ती शांतता. आणि त्या शांततेत मी अर्धा फेरा फिरलो.

मित्रांनो, बॅटरी काढलेली होती. पिन काढलेली होती. पंखा विजेशिवाय फिरत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? शेठनी नंतर सांगितलं तेव्हा दिपाली म्हणाली, दुबेजींची फुंकर लागली असेल. दुबेजी तेव्हा पाणी पीत होते. अर्धा फेरा, अगदी सावकाश, आणि थांबलो. तो मी फिरलो नाही. मला फिरवलं गेलं.

ते एकट्या शेठनी बघितलं.

"दुबेजी," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा वाईट येत होता. "भूत वगैरे कुछ नहीं है. वो जो पीछे खोली है ना, वो मैंने धाकल्या को बोला था. उसके औरत की है. वो नहीं टूटेगी. कागज पे लिखो."

कमळीनं झटकन वर बघितलं. खोली पाडणार होते हे तिला तेव्हा, त्या क्षणी कळलं. तिच्या हातातली तूस खाली पडली नाही, पण मूठ घट्ट झाली.

"पाडनार व्हते?" तिनं विचारलं. शेठना नाही, हौसाबाईंना.

हौसाबाईंनी खाली बघितलं. "व्हय गं."

दुबेजी टोपण लावलेलं पेन खिशाशी आपटत उभे होते. "तो पहिले बोलने का ना, पाटीलसाब!" ते म्हणाले. "अठरा दिन से भूत-भूत क्या लगाया है? पर एक बात है. पीछे से गाडी नहीं मुडेगी, तो फिर आगे से आएगी. आपके आंगन से. दिन के तीस ट्रक. ये ओटा तोडना पडेगा, तुलसी हटानी पडेगी. मंजूर है?"

शेठनी बायकोकडे बघितलं. तो ओटा हौसाबाईंचा. संध्याकाळी आख्खी आळी तिथे बसायची. तुळस त्यांच्या सासूनं लावलेली.

हौसाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कमळीच्या मुठीकडे.

"येऊ द्या टरक," त्या म्हणाल्या. "तुलस मी मागच्या दारी लावीन, कमलीच्या खोलीफुडं. पानी तीच घालंल. घालशील ना गं?"

कमळीनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं मुठीतली तूस पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, "कागुद व्हऊ दे आंदी." आणि ती तिथेच, एक नंबरच्या चार खिळ्यांमध्ये, मांडी घालून बसली. कागद लिहून होईपर्यंत उठली नाही. दिपालीनं तिला तो दोनदा वाचून दाखवला. अंगठा लावताना तिच्या बोटाला तूस होती, ती शाईत उमटली.

संध्याकाळी दिपालीनं मला मऊ ब्रशनं साफ केलं, तेलाचा लगदा पुसला, आणि ते बारा-पाचचं काम रात्री वीज असताना व्हावं असं लिहून ठेवलं. लिनक्सला माझ्या भाषेतला तिसरा शब्दही तिनं कुठून तरी शोधून शिकवला. 'हळू'. तेव्हापासून मी पुन्हा चांगला पंखा झालो, म्हणजे नाहीसा झालो.

पुढे दिपालीला नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला, आणि मी हौसाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर गेलो. कधीतरी कुणी जुने फोटो बघायला मला चालू करतं. भर बाराला अंगणातून ट्रक जातो, फळी हादरते, आणि माझी पाती किंचित हलतात. ट्रकमुळेच. मी स्वतःला तसं सांगतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरातली जी वस्तू कण्हत असेल तिच्यात तेल ओतू नका, तिला हळद लावू नका आणि तिचा आवाज वाढला म्हणून तिला रागावूही नका. उघडून बघा. तिनं आत काय साठवलंय आणि कुणाचं साठवलंय ते बघा. यंत्रं बोलत नाहीत, पण ती बरंच ऐकून असतात. माणसांचीही तीच गोष्ट आहे. ज्याला एक शब्द दिला होता त्याच्या घरावरून एकदा हळूच जाऊन या. ज्याची छाती भरली आहे त्याला वेळेवर तपासा. दिलेला शब्द आणि फिरणारं पातं, दोन्हींची निगा जिवंतपणी राखावी लागते. नंतर राखायला फार मोठं भूत लागतं.

इतका वेळ माझं ऐकलंत, उपकार झाले. आता उठतच आहात, तर माझ्या झडपेला खेटून तो सुक्या बोंबलांचा डबा ठेवलाय, तेवढा जरा पलीकडे सरकवा.